एलिजिबल म्हणजे दारापर्यंत

मुकुंदवाडीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर मी इंग्रजीचा क्लास चालवते. पाटीवर 'स्पोकन इंग्लिश' लिहिलं आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांना नुसतं बोलायचं नसतं, त्यांना कुठंतरी लागायचं असतं. कुणाला कंपनीत, कुणाला बँकेत, कुणाला जालना रोडवरच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर. त्यामुळे काही शब्द आमच्याकडे फार लवकर येतात. क्वालिफाइड, एलिजिबल, सुटेबल. नोकरीच्या जाहिरातीत हे तिन्ही असतात आणि सगळे मिळून त्यांचा एकच अर्थ लावतात, लायक. मला याचा राग येतो. शब्दावरून एवढी भांडणारी बाई आपण दुसरी पाहिली नाही, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते कौतुकानं म्हणतो असा माझा समज आहे.

मी फळ्यावर तिन्ही शब्द लिहायचे आणि सांगायचे, क्वालिफाइड म्हणजे तुम्ही शिकून, राबून जे कमावलंय ते. एलिजिबल म्हणजे नियमात बसणं. वय बसतं, शिक्षण बसतं, कागद बसतात; म्हणजे तुम्हाला दारापर्यंत येऊ देतात. आत घेतीलच असं नाही. आणि सुटेबल म्हणजे आत गेल्यावर तुम्ही तिथं शोभता का. मग प्रत्येकानं आपल्याबद्दल एक खरं वाक्य करायचं. खोटं वाक्य माझ्या क्लासात चालत नाही. एकदा एक बाई म्हणाल्या, "मॅडम, दारापर्यंत येऊ देतात ते कळलं. पण आत घ्यायचं की नाही, हे ठरवतं कोण?" मी म्हणाले, "इंटरव्ह्यू घेणारा." एवढं सरळ उत्तर देऊन मी पुढच्या शब्दाकडे गेले होते.

हा शब्द एक दिवस माझ्याच अंगावर येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. उपचार झाले, पुन्हा झाले, आणि एका दुपारी हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना मी नवऱ्याला म्हणाले, "बास. माझं शरीर आता मला परत पाहिजे." गाडीला किक मारायच्या आधी त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, भर रस्त्यात. आमच्याकडची माणसं असं काही करत नाहीत. तेवढ्यानं मला कळलं की त्यालाही पुरे झालं होतं.

त्याचे आईवडील पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडे शेतात राहतात. मोसंबीची बाग आहे, धाकटा दीर आणि जाऊ तिथंच असतात. नवरा चितेगावच्याच एका कंपनीत क्वालिटीला आहे, पण माझ्या क्लाससाठी आम्ही मुकुंदवाडीत राहिलो. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा, आमच्या भागात ही रीतच आहे. उपचार थांबवले हे कळल्यावर आत्या शेतातून आल्या, जेवल्या, आणि भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "धाकट्याचं दुसरं लेकरू घ्या. घरातलं घरात ऱ्हाईल. बाहेरचं कोणाचं, कसं, काय म्हाईत?"

मी नाही म्हणाले. त्या पोराची आई शेतातल्या घरी, दर सणावाराला आमच्यासमोर असणार. ते पडलं की तिच्या छातीत कळ उठणार आणि तिनं ती गिळायची, आणि मी समोर आई म्हणून उभं राहायचं. माझ्याच्यानं हे झालं नसतं, आणि तिच्यावरही तो अन्याय होता. आत्यांना वाटलं मी त्यांच्या रक्ताला नाही म्हणतेय. पुढं कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

मग आम्ही दत्तक मुलासाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं. कागद गेले, तपासण्या गेल्या. आणि एका सकाळी संस्थेतल्या समाजसेविकेचा फोन आला. ती निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी बोलत होती. "मॅडम, कागदांवरून तुम्ही एलिजिबल आहात. सुटेबल आहात का, ते आम्ही घरी येऊन बघू."

मी हे दोन शब्द एका दमात, या क्रमानं, शेकडो जणांना शिकवले होते.

नवऱ्यानं ही बातमी लगेच शेतात कळवली. मामांनी मला फोन लावायला सांगितला. "एलिजिबल म्हंजे पास का?"

"पास नाही, मामा. दारापर्यंत येऊ देतात, तेवढंच."

"म्हंजे पासच की." त्यांनी ऐकायचं तेवढं ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात बाजारात, पारावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांना सांगत सुटले, आमची सून एलिजिबल झाली. एका चुलत सासूबाईंचा मला फोन आला, आवाजात नुसतं तूप. "लई ग्वाड बातमी कळली. कितवा चालूय?" त्यांना खरं काय ते समजावताना माझी जी त्रेधा उडाली, ती आठवली की आजही हसू येतं. त्या दिवशी मात्र फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

घरभेटीची तारीख ठरली आणि नवऱ्यानं एक चूक केली. त्यानं घरी सांगितलं, संस्थेच्या बाई घर बघायला येणार आहेत. 'बघायला येणार' हे शब्द आमच्या माणसांच्या कानावर पडले की पुढचं सगळं आपोआप होतं. त्या दिवशी सकाळी खाली पिकअप येऊन उभी राहिली. मागं दिराच्या लग्नातला सोफा, त्यावर दोरीनं बांधलेला गालिचा, मोसंब्यांचे दोन क्रेट आणि या सगळ्यात मांडी घालून बसलेली माझी नणंद. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून. आत्यांच्या मांडीवर पोह्यांची पिशवी.

आमचा जुना सोफा गॅलरीत गेला. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या आपा राहतात, त्या पिकअप बघून वर आल्या. आल्या त्या आपला सणासुदीचा कपांचा सेट घेऊनच. मी नको नको म्हणत होते. "अगे रख ले," त्या म्हणाल्या, "मेहमान कू कान टूटे कपां में चाय देते क्या?" आत्यांना ते फार पटलं. दोघी लगेच पडदे बदलायला लागल्या.

मला काठपदराची साडी नेसायला लावली. आत्या माझ्या केसात गजरा माळायला आल्या तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "आत्या, मला बघायला येत नाहीत त्या."

"मग कोणाला बघायला यायलेत?"

मी मान खाली घातली आणि त्यांनी गजरा माळला.

समाजसेविका स्कूटीवर आली. तिशी-पस्तिशीची, गळ्यात कापडी पिशवी, हेल्मेटनं केस चप्प झालेले. सोफा, गालिचा, बसलेली पाच माणसं पाहून ती दारात क्षणभर थांबली. मामांनी सुरुवात केली. जमीन किती, पाणी कुठून, मोसंबी कुठल्या मार्केटला जाते, भावकीत कोण तलाठी, कोण पोलिसात. "आमच्या घराण्याला डाग नाय," असं म्हणून त्यांनी टोपी सरळ केली. त्यांनी तिन्ही मुलांच्या सोयरिकी अशाच जमवल्या होत्या.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही लहान मुलांबरोबर काय खेळता?"

मामा थबकले. "खेळता म्हंजे?"

"तुमची मुलं लहान असताना काय खेळायचात?"

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, जणू तो काही सुचवेल. त्यालाही काही आठवेना. मग मामा खाली बघत म्हणाले, "ह्याच्यासंगं नाय खेळलो कधी. येळच नव्हता." माझ्या नवऱ्यानं उगीचच पाण्याचा ग्लास उचलून ठेवला.

सोफ्याकडे, पडद्यांकडे तिनं पाहिलंच नाही. गॅलरीच्या गजांमध्ये हात घालून अंतर बघितलं. बाथरूमची कडी किती उंचावर आहे ते बघितलं. मग माझ्याशी आतल्या खोलीत एकटीशी बोलली. मी तयारी केली होती. मुलाखतीला जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घेते तशीच, मुद्देसूद, हसतमुख. मूल का हवं, वेळ कसा देणार, शाळा, संस्कार. माझं संपल्यावर ती म्हणाली, "छान सांगितलंत. पण तुम्हाला भीती कशाची वाटते?"

हा प्रश्न तयारीत नव्हता. मी म्हणाले, "ती मला नको म्हणाली तर." इतका वेळ आम्ही 'मूल' म्हणत होतो, 'ती' कधी झाली तेही मला कळलं नाही.

बाहेर आल्यावर तिनं आत्यांकडे मोर्चा वळवला. "आजी, तुमचं काय? तुमच्या मनात आहे का हे मूल?"

आत्यांनी पदर सावरला. मी मनातल्या मनात त्यांना हो म्हणा, हो म्हणा, असं विनवत होते. त्या म्हणाल्या, "नव्हतं."

"आणि आता?"

"आता कसं सांगू? लेकरू घरात नाय, मांडीवर नाय. धाकटी सून येणार म्हणलं तवा तिच्यावर माया होती का माझी? ती आल्यावर झाली. आधीच व्हय म्हणू? खोटं बोलू का तुमच्याम्होरं?"

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांचं सगळं या एका वाक्यात गेलं.

मग पोहे आले. आपांच्या कपांत चहा आला. ती म्हणाली, "मला फक्त पाणी चालेल." आत्यांनी आग्रह केला, नणंदेनं केला, मामांनी तर हात जोडले. ती हसून नाहीच म्हणाली. निघताना आत्या कुंकवाची कोयरी, नारळ आणि खण घेऊन दारात उभ्या राहिल्या. तिनं कुंकू लावून घेतलं, पण नारळ-खणाला हात लावला नाही. "आम्हाला काही घेता येत नाही, आजी." जिन्यात तिच्या सँडलचा आवाज झाला, मग स्कूटीचा.

"पोह्याला हात लावला नाय," मामा म्हणाले.

"चहासुदिक नाय," नणंद म्हणाली.

"त्यांचा नियम असतो, मामा," मी म्हणाले. "कुणाच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा."

"नियम कशाचा? ज्यांना जमवायचं असतं ते चहा घेतेत." ते नव्या सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी त्यांना नियम समजावत होते खरी, पण माझीही नजर त्या भरलेल्या कपावरच होती. मी याच मातीतली आहे. लग्नाआधी मला दोनदा बघून गेले होते, आणि पहिल्या वेळी पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवून दिला होता. कपात राहिलेला तो चहा आईनं मोरीत ओतला, तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेले नाही. इंग्रजीत कितीही शिकवलं तरी कपात राहिलेल्या चहाचा अर्थ मला मराठीतच कळतो.

दुपारी नवरा आत्यांवर चिडला. "आई, असं काहून बोललीस गं?" आत्यांनी सगळ्यांना पोहे वाढले, उरलेले डब्यात भरले आणि स्वतः न खाता पिकअपमध्ये जाऊन बसल्या.

त्यानंतर काही दिवसांनी पोर्टलवर आम्हाला मान्यता मिळाल्याचं दिसलं. आधी मला ते खरं वाटेना. मी तिलाच फोन केला आणि धीर करून विचारलं, माझ्या सासूबाईंच्या बोलण्यानं काही अडलं नाही का? ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या घरात सगळे परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. त्या एकट्या घरात असल्यासारख्या बोलल्या." हे मी आत्यांना सांगितलं. त्यांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "मग चहा का नाय पिली?"

पुढं वाट पाहण्यात वर्षं गेली. रोज पोर्टल उघडायचं आणि बंद करायचं. क्लासात बॅचेस येत गेल्या, लागत गेल्या, पेढे देऊन जात राहिल्या. मी तेच तीन शब्द शिकवत राहिले.

ती विदर्भातल्या एका शहरातल्या शिशुगृहातून आली. तीन वर्षांची व्हायची होती. आम्ही घ्यायला गेलो तेव्हा एका बाईंचं बोट धरून ती व्हरांड्यातून चालत आली. अंगात नवा फ्रॉक, केसांना दोन क्लिपा. तिथल्या सगळ्या सांभाळणाऱ्या बायांना सगळी मुलं मावशी म्हणत होती. निघताना त्या बाईंनी तिचं बोट सोडवून माझ्या हातात दिलं. त्या डोळे पुसत होत्या. ती रडली नाही. तिनं एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि चालायला लागली. सगळे म्हणाले, किती शहाणी आहे. मला मात्र ते शहाणपण बघून धडकी भरली होती.

मला वाटलं होतं, ती घरात आली की माझ्या आत काहीतरी आपोआप उसळेल. खरं सांगते, तसं काही झालं नाही. मला फक्त भीती वाटत होती. घरात एक परकं, गप्प, नीटनेटकं माणूस आलं होतं. जे वाढलं ते खायचं, जिथं ठेवलं तिथं झोपायचं. ती खेळताना पडली, तर आधी इकडंतिकडं कुणी बघतंय का ते पाहायची, गुडघा झटकायची आणि पुन्हा खेळायला लागायची. पहिल्यांदा मी धावत गेले, तर ती मलाच घाबरली. रडलं की कुणीतरी येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. वीसेक लेकरांमागे दोन-तीन बाया, कुणाकुणाकडे धावणार होत्या त्या?

मला ती मावशी म्हणायची. तेही हाक म्हणून नाही, गरज पडली तर हळूच, बाजूला येऊन. "मावशी, पाणी." नवऱ्याला काका. आपा वर आल्या की तिच्याशी गप्पा मारायच्या, कपड्यांच्या चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायच्या, आणि मला सांगायच्या, "होता है गे, वक्त लगता." शेतातली माणसं मात्र ऐकत नव्हती. फोनवरसुद्धा नणंद ओरडायची, "मावशी नाय गं, आई म्हण, आई!" ती फोनकडे बघत राहायची. मी नंतर फोन स्पीकरवर ठेवणं बंद केलं.

समाजसेविका अधूनमधून चौकशीला फोन करायची. मी तिला म्हणाले, पोरगी मला मावशी म्हणते. ती म्हणाली, "तिला आजवर ज्या ज्या बाईनं जेवू घातलं, अंघोळ घातली, ती प्रत्येक मावशीच होती. तिच्याजवळचा सगळ्यात चांगला शब्द तिनं तुम्हाला दिलाय. घाई करू नका."

घाई न करणं मला जमत नव्हतं. त्याच दिवसांत क्लासात पुन्हा तो धडा आला. फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले आणि नेहमीचं सांगायला वळले, तर पुढं काही सुचेना. सगळ्या नियमांत बसून, घर तपासून, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शिक्क्यासकट मी आई झाले होते. आणि घरी माझ्याच ओट्याखाली बसून एक पोरगी मला न्याहाळत होती, तिनं अजून काहीच ठरवलं नव्हतं. इंटरव्ह्यू घेणारा ठरवतो, असं मी किती सहज सांगत आले होते. त्या दिवशी मी म्हणाले, आज एवढंच, उद्या बघू. बॅच खूश झाली.

पोळ्याला आत्यांनी आम्हाला शेतात बोलावलं. मला जायचं नव्हतं. तिथं भावकीतल्या बाया जमणार, तिला मध्ये बसवणार आणि बघणार, हे मला माहीत होतं. पण आत्यांनी स्वतः फोन केला होता. "लेकराला बैल दाव की. आन मलाबी दाव लेकरू, फोनात काय दिसतंय?" त्यांनी तिला एकदाच पाहिलं होतं, मुकुंदवाडीला, आणि तेव्हा तिला हात लावायचंही धाडस केलं नव्हतं. नुसत्या समोर बसून राहिल्या होत्या.

झालं तसंच. ओसरीत बाया बसल्या होत्या, ती मध्ये, हातात पापडाचा तुकडा. "कुणाची गं तू? ही कोण? म्हण आई. म्हणून दाखव ना." ती पापड कुरतडत राहिली. माझ्याच्यानं ते बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन पुरणाच्या पोळ्या लाटायला बसले. जाऊ शेकत होती. नवरा बाहेर भावाबरोबर बैलांना झुली घालत होता.

मग हलगी वाजली. शेजारच्या वस्तीवरची जोडी आमच्या दारात आणली होती, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, मागं हलगीवाला आणि आरडाओरडा करणारी पोरं. कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. एक बैल बुजला आणि त्यानं ओसरीच्या पायरीशी मान झटकली. आत्या पूजेचं ताट घेऊन पुढंच उभ्या होत्या.

आतून मला एक किंकाळी ऐकू आली. ती तिची आहे हे मला पहिल्यांदा कळलंच नाही, कारण तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हातातलं लाटणं तसंच राहिलं. ओसरीत इतक्या जणींनी तिला उचलायला हात पुढं केले असतील, नवराही पायरी चढून धावला. ती कुणाकडेच गेली नाही. सगळ्यांच्या मधून वाट काढत, दारात ठेचकाळत ती आत आली, तोंड लाल, डोळे विस्फारलेले, आणि ओरडत होती, "मावशी! मावशी! मावशी!"

मागून बाया आल्या. त्यातली एक हसली. "अगं बाई, एवढं होऊनबी आईला मावशीच म्हणायली!"

मी तशीच बसून होते. या हाकेला आपण उठायचं की नाही, लोक काय म्हणतील, तिला दुरुस्त करायचं का, सगळं एकदम डोक्यात आलं. आत्या ताट तसंच हातात घेऊन, दारात बैल ताटकळत ठेवून आत आल्या होत्या. त्या हसणाऱ्या बाईकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"मावशी तर मावशी," त्या माझ्यावर ओरडल्या. "हाक तुला मारायलीय लेकरू. बसली काय? ओ दे आधी!"

"ओ," मी म्हणाले.

ती माझ्या अंगावर येऊन आदळली. पिठाच्या हातांनी मी तिला उचलून घेतलं. तिनं गळ्याला घट्ट मिठी मारली आणि माझ्या कानाशीच, इतकी वर्षं साठवलेलं असावं तशी, मोठमोठ्यानं रडत राहिली. बाया म्हणत होत्या, गप कर, गप कर तिला. मी तिला गप्प केलं नाही.